दीड सेकंद

मंडईच्या रात्री, तिसऱ्या अंकात
जनरेटरला ढास लागली
आणि रंगमंच विझला.
फार नाही. दीड सेकंद.
पोट्ट्यांनी शिटी मारायला तोंडात बोटं घातली
तोवर उजेड परत आलाही होता,
पण उर्मिलाबाईंचं वाक्य तेवढ्यात अंधारात सांडलं,
आणि पुढच्या चटईवरची एक म्हातारी
सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं म्हणाली,
"का म्हनली गा ते?"

पहाटे तणसीच्या ढिगाशी चहा पिताना
मोहुर्लेकाकांना मी खरं सांगून टाकलं.
जनरेटर पापणीभरच थांबला होता.
बाकीचा अंधार माझ्या बोर्डाचा.

जाग आली की तो लगेच कामाला लागत नाही.
आधी दारात उभा राहतो, कान देऊन,
कोणी आलंय का, नवीन काही सांगायचंय का.
कोणी आलेलं नसतं.
वडशापासून इतक्या आत, बांबूला सुतळीनं बांधलेल्या
बिस्किटाच्या डब्यात
कोण जाणार त्याला काही सांगायला?
तरी दर वेळी तेवढा थांबतो.
शिकणाऱ्यांची सोय म्हणून आत बसवलेला असतो
हा चौकशी करणारा.
मीही त्याच्याच ओट्यावर शिकले.

काका तीस वर्षं प्रॉम्प्टर.
कप उपडा करत म्हणाले,
"मंग काहाडून टाक नं त्याले.
एकदा पाठ झालं का कोनाले इचारत बसाचं कायले?"

दुपारी कंपनीच्या खोलीत, पेट्या आणि दाढीमिशांच्या मधे
लॅपटॉप उघडला.
बोर्डावर, चिपच्या शेजारी, तीन-तीनच्या दोन ओळींत
सहा पिना असतात. इतके दिवस मी त्यांना
नुसत्या टोचायच्या म्हणून ओळखत होते.
एक तार सांगायची, एक ऐकायची,
एक ताल धरायची,
एक मानगूट धरून ठेवायची,
दोन पोटाच्या.
दुसऱ्या टोकाला जुना बोर्ड, सांगणारा.
त्याच्या रिसेटवर एक कॅपेसिटर,
झोपेतल्या बाळाच्या पाठीवर ठेवतात तसा,
म्हणजे मधेच दचकून उठू नये.

पहिली चिप मी घालवली.
फ्यूजचा एक आकडा चुकला आणि ती
बाहेरच्या ठोक्याची वाट बघत बसली, जो मी दिलाच नव्हता.
हाक मारली, ओ नाही.
रात्री अकराला जुन्या बोर्डाच्या एका पायातून
तिला उसने ठोके दिले,
तेव्हा कुठे तिनं आपलं नाव सांगितलं.
मी खोलीत एकटीच "हो गं" म्हणाले.

मग सगळं पुसलं.
ओटा, दार, दारातला तो.
शून्याव्या घरापासून लिहिलं माझं:
निळा हळू, पिवळा एकदम, खुनाच्या वेळी तांबडा.
आता यूएसबी लावून काही सांगता येणार नाही त्याला.
काही बदलायचं तर डबा सोडा,
पुन्हा सहा तारा लावा, पुन्हा मानगूट धरा.
चालेल.

सावरगावला जनरेटर दोनदा खोकला.
उजेड पापणीच्या आत हजर.
कोणाच्या लक्षातही आलं नाही,
आणि मी विंगेत एकटी हसत होते, वेड्यासारखी.

तेवढ्यात, भर पिवळ्या उजेडात,
उर्मिलाबाई थांबल्या.
अडीचशे प्रयोगांचं वाक्य
त्यांच्या तोंडावरून उतरून कुठेतरी गेलं होतं.
मी मोजलं, सवयच लागली होती,
एक... आणि अर्धा...
मांडव श्वास धरून.
खालून, खड्ड्यातून, बॅटरीच्या मिणमिणत्या वर्तुळातून
काकांचा आवाज, फुंकरीएवढा,
"मी येणार नाही."

"मी येणार नाही," बाई म्हणाल्या,
आणि म्हातारीच्या चटईवरून
टाळी सुरू झाली.